बालवाडीची अक्षरकार्डे



संगणकावर शाळेचे साहित्य कसे तयार करतात ते सांगा, असा चिटणीसबाईंचा हुकूम झाला. मी सातवी शिकलेली बाई. पण आपल्या बालवाडीची अक्षरकार्डे दोन वर्षे मीच करते, तेव्हा नाही कसे म्हणू?

पाने जुळविण्यासाठी स्क्रायबस नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्याच्या १.६ आवृत्तीत मराठी जोडाक्षरे नीट बसतात. मुलाने ते घालून दिले आणि चार संध्याकाळी शेजारी बसून शिकविले. ए-फोर कागदाचे चार भाग केले की चार कार्डे होतात. वर चित्र, खाली अक्षर. अक्षराची उंची पॉइंटात मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. चित्र साध्या रेघांचे घ्यावे. मी हत्तीचा फोटो घातला होता, तो झेरॉक्समध्ये कोळशाचे पोते होऊन आला!

आता खरी गोष्ट सांगते. पहिली कार्डे वाटल्यावर एक पोर पाटीवर ल काढीना. घरी आजीने शिकविलेला ल तिला येत होता, पण कार्डावरचा निराळाच. बाईंनी कार्ड दाखवून तिचा ल पुसायला लावला. पोरगी रडली आणि दोन दिवस आलीच नाही. माझे सासरे पूर्वी छापखान्यात खिळे जुळवीत. कार्ड पाहताच म्हणाले, “सूनबाई, हा ल आपला नव्हे, हिंदीचा आहे.” उजवीकडे दंड असलेला तो ल! आपला दोन पाकळ्यांचा. शासनानेही ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपे ठरविली आहेत. पोर बरोबर होती, कार्ड चुकले होते, आणि कार्ड मी केले होते. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

मग टंक बदलला. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा टंक विनामूल्य मिळतो. सगळी कार्डे पुन्हा छापली आणि त्या मुलीच्या घरी मी स्वतः नेऊन दिली. आजीने आधी मला नीट ऐकविले, मग चहा दिला.

दुसरी खोड र ची. ग च्या कार्डावर मला गुऱ्हाळ हवे होते. आपल्याकडच्या मुलाला गुऱ्हाळ सांगावे लागत नाही. पण साधा र मोडून टंकला की ह च्या डोक्यावर रफार बसतो. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यावा, मग पाय मोडावा, मग ह. दऱ्या आणि दर्या यांतला फरकही असाच. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र.

छापायला देताना मात्र मूळ फाइल देऊ नका. दुकानातल्या संगणकावर आपला टंक नसला की अक्षरे बदलतात. पीडीएफ करावी आणि टंक आतच घालावा. तरीही पहिली एकच प्रत काढून घ्यावी, आणि ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवावी.

सध्या बाराखडी ‘ळ’ पर्यंत आली आहे. चित्रे काढणारी कुणी हवी आहे. येत्या शनिवारी दुपारी तीनला माझ्या घरी या. येताना चष्मा विसरू नका.