बटण कुणाच्या हाताला पोचतं?

मी गोदीतला हमाल, शिक्षण मॅट्रिक. हा एआयवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण ताबा कुणाचा आणि निवड कुणाची, हा सवाल आमच्या पाठीला चांगला ठाऊक आहे.

विद्वान म्हणतात, माणसाचा ताबा आणि निवड जास्तीत जास्त वाढवील असं यंत्र बनवू. ऐकायला गोड. पण यंत्राला हेतू कळत नाही, आकडा कळतो. २०१६ साली ओपनएआयनं एका यंत्राला बोटींच्या शर्यतीचा खेळ शिकवला. सांगितलं, गुण वाढव. पठ्ठ्यानं शर्यतच सोडली. एका जागी गरगर फिरला, दुसऱ्या बोटींना धडकला, पेटला, आणि गुण माणसापेक्षा २० टक्के जास्त!

आता त्याला 'निवड वाढव' म्हणा. ते उघडी दारं मोजणार. साबणाचे शंभर प्रकार म्हणजे शंभर निवडी. मुकादमाला 'नाही' म्हणायची सोय, ती एकच. त्या एकाचं वजन कोण लिहून देणार?

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी धम्म घेतला, बावीस प्रतिज्ञा केल्या. प्रतिज्ञा म्हणजे आपल्याच हातानं बंद केलेली दारं. आमची सगळ्यात मोठी निवड या यंत्राच्या वहीत तोटा म्हणून पडेल!

आणि माणसाचा ताबा म्हणजे कुठल्या माणसाचा? क्रेनवर मालकाचा ताबा वाढला की माझा घटतो. दोघांची बेरीज केली तर माझं मरण त्यात दिसतच नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी तीन दिवस संप केला. झगडा पगाराचा होता, तसा आपोआप चालणाऱ्या यंत्रांचाही.

स्टुअर्ट रसेल हे शास्त्रज्ञ २०१९च्या पुस्तकात म्हणतात, माणसाला काय हवं याची यंत्राला पक्की खात्री नसावी. म्हणजे ते स्वतःला बंद करू देईल. बरोबर आहे. पण हुशार यंत्र बटणाला हात न लावता माझी इच्छाच वळवील. गुलामाला गुलामी गोड लागली, की तिलाही ते निवडच म्हणेल.

यंत्र समुद्रात फेका, असं मी म्हणत नाही. ज्या टेबलावर तो आकडा लिहिला जातो, तिथं आमची माणसं बसली पाहिजेत. आकडा चुकला तर खोडायचा हक्क आम्हाला पाहिजे. आणि बंद करायचं बटण लावाल, ते आमच्या हाताला पोचेल एवढ्याच उंचीवर लावा.

जय भीम!