भीतीचं गाव कोणतं?



नांदेडहून मुंबईकडे निघालेली गाडी परभणी सोडून पुढे गेली, की मानवत रोड स्टेशन लागतं. आज तिथं कुणी मुद्दाम खिडकीबाहेर बघत नाही. पण १९७२ ते ७४ या काळात या नावानं अख्ख्या महाराष्ट्राची झोप उडवली होती. वर्षं दुष्काळाची. मानवतच्या शिवारात बायकांचे, लहान मुलींचे खून पडत होते. गुप्तधन आणि अपत्य यांच्या लोभातून दिलेले हे बळी आहेत, असं पोलिसांचं म्हणणं होतं. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा नावाजलेला अधिकारी तपासाला आला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर किती विसंबायचं याचा खल तिथं १९७७ मध्ये झाला.

भयपट आणि थरारपट यांच्याबद्दल बोलताना मी मानवतपासून सुरुवात करतोय, कारण या घटनेकडे कॅमेरा दोनदा वळला, आणि त्या दोन खेपांमध्ये त्रेचाळीस वर्षांचं अंतर आहे. जुनं चांगलं की नवं, हा वाद कट्ट्यावर बसून कितीही घालता येतो. इथं तो समोर ठेवून तपासता येतो.

पहिला चित्रपट १९८१ चा ‘आक्रीत’. अमोल पालेकरांचं दिग्दर्शक म्हणून हे पहिलं काम, पटकथा विजय तेंडुलकरांची. मुख्य भूमिकाही पालेकरांचीच. ‘छोटी सी बात’मध्ये बसस्टॉपवर घुटमळणारा, ‘गोलमाल’मध्ये खोटी मिशी लावून साहेबाला फसवणारा हा भला माणूस इथं गावातल्या वजनदार असामीच्या रूपात बळी द्यायला तयार होतो. आवाज चढवत नाही, डोळे वटारत नाही. देवघरातल्या पूजेची तयारी करावी तितक्या शांतपणे तो सगळं ठरवतो. मला वाटतं, मराठीत इतकं घाबरवणारं फार थोडं आहे. त्यात भूत नाही, हे त्याचं बळ. पण खोटही आहे. सगळं इतकं अलिप्तपणे दाखवलंय, की मारणारा लक्षात राहतो आणि मेलेल्या पोरी विरून जातात.

दुसरी खेप २०२४ ची, ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका. दिग्दर्शक आशिष बेंडे, कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. इथं मकरंद अनासपुरेंची निवड फार हुशारीची. मराठवाड्याच्या बोलीवर ज्यांनी आपल्याला पोट धरून हसवलं, त्याच तोंडून तीच बोली ऐकताना अंगावर काटा येतो. मालिकेला वेळ मिळतो, म्हणून गाव दिसतं, घरं दिसतात, बायकांचे आपापसातले व्यवहार दिसतात. मात्र गोष्ट तपास अधिकाऱ्याच्या खांद्यावरून सांगितली, की प्रेक्षकाला एक सुटका आपोआप मिळते. मुंबईचा साहेब आला, त्यानं गाठ सोडवली, आपण टीव्ही बंद केला. ‘आक्रीत’ असा कुणाच्या हाती आपल्याला सोपवत नाही.

‘आक्रीत’च्या काळात हिंदीत रामसे बंधूंचा कारखाना जोरात होता. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ १९७२ चा, ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. जत्रेतल्या तंबूत बसून असले सिनेमे पाहिलेली पिढी अजून आहे. दार करकरलं, धूर सुटला, की मागच्या रांगेतलं पोरगं किंचाळायचं आणि तंबू हसायचा. पण भुताचा पत्ता कायम जुन्या हवेलीचा नाहीतर डोंगरावरच्या बंगल्याचा. आपल्याकडं काळी रानं, पत्र्याची घरं आणि डोक्यावर ऊन. ते भूत आपल्या गावात आलं असतं तर चक्कर येऊन पडलं असतं.

हा पत्ता बदलला तो विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’नं. २०१७ साली तो थेटरात आला. पूजा सावंतनं केलेली गरोदर बाई आणि तिचा नवरा पैसे वसूल करणाऱ्यांपासून लपायला उसाच्या फडातल्या एका घरात येतात. घरची बाई उषा नाईक, प्रेमळ, जेवू घालणारी. तुम्हा लातूरकरांना उसाबद्दल मी काय सांगणार! डोक्याच्या वर गेलेल्या उसात भर दुपारी शिरलं, तर चार सऱ्यांनंतर बांध कुठल्या दिशेला राहिला ते कळत नाही. पानं अंगाला कापतात, आणि वारा नसतानाही आत काहीतरी सळसळतं. त्या दिग्दर्शकानं हे बरोबर हेरलं आणि अंधाराची गरजच ठेवली नाही. आणि त्या फडात जी मुलं दिसतात, त्यांचं मूळ आपल्याच घरात आहे: नको असलेल्या मुली. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली होत्या ८०७. हा आकडा माहीत असलेल्या माणसाला तो सिनेमा वेगळाच दिसतो.

शेवटाकडे मात्र ‘लपाछपी’ बोलायला लागतो. जे आपल्याला कळलेलं असतं तेच पुन्हा पात्रांच्या तोंडून समजावतो. ही खोड नव्या भयपटांना फार आहे. संदेश पोचला नाही तर, अशी भीती त्यांनाच वाटते.

आता एक गोष्ट आपल्या लातूरजवळच्या बाभळगावच्या रितेश देशमुखांची. हसवणारा हा नट २०१४ च्या ‘एक व्हिलन’मध्ये साधासुधा नोकरदार खुनी झाला, आणि छान झाला. टेलिफोन दुरुस्तीला घरी येणारा नम्र माणूस! पण त्याच्या खुनांना कारण काय, तर घरी बायको टोचून बोलते. थरारपट असा सगळा दोष तिच्या पदरात टाकतो, तेव्हा मला राग येतो. एवढं बोलणं सगळ्यांनाच ऐकावं लागतं हो.

२०२४ मध्ये ‘मुंज्या’ आला आणि चालला. आदित्य सरपोतदारांचा. त्यातला मुंज्या संगणकावर घडवलाय, उड्या मारतो, बडबडतो. गंमत आहे, भीती नाही. पन्नास वर्षांपूर्वी स्पीलबर्गचा यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा. मग त्यानं मासा न दाखवता नुसतं पाणी दाखवलं, आणि ‘जॉज’नं जगाला समुद्राची धास्ती बसवली. आज यंत्र बंद पडत नाही, हीच अडचण आहे. शिवाय आमच्या गावातल्या पिंपळाखालच्या मुंजोबाला लोक नैवेद्य दाखवतात, नवस बोलतात. त्याला भिणारे आणि त्याच्याशी घरच्यासारखं बोलणारे तेच लोक असतात. ही दुहेरी वागणूक पडद्यावर आणायला संगणक लागत नाही, चांगला लेखक लागतो.

आणि तसा लेखक मिळाला, तर त्यानं भानामती घ्यावी. नांदेड, लातूर, धाराशिव, पलीकडे बीदर, या पट्ट्यात ती घरोघर ऐकलेली. छपरावर दगड पडतात, वाळत घातलेलं लुगडं पेट घेतं, अंगावर फुल्या उमटतात, बायका कुत्र्यासारख्या भुंकतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते अशा घरी जाऊन बसले, बोलले, आणि दरवेळी त्यामागं माणसाचाच हात निघाला. पुष्कळदा तो घरातल्याच कुणा गांजलेल्या माणसाचा असे. आता लिहिणाऱ्यानं विचार करावा. एका घरात आठ माणसं आहेत, लुगडं पेटलंय, आठही जण अंगणात उभे आहेत. काडी त्यांच्यातल्याच कुणीतरी ओढली. का ओढली, हे त्या माणसाला कुणी कधी विचारलेलं नाही. भुताची गोष्ट आणि गुन्ह्याचा तपास, दोन्ही एकाच अंगणात. देवऋषी दारात आलेला आहे, आणि त्यानं बोट दाखवायच्या आत आपल्याला ती काडी ओढणारी शोधायची आहे. कदाचित तिला वाचवण्यासाठी.

असा सिनेमा कुणी करणार असेल, तर तिकीट मी आजच काढून ठेवतो.