पिकअपवरचं टिन

कोरपना-गडचांदूरकडून पिकअप घेऊन गावोगावचे बाजार करणारे आम्ही लोक. रात्री माणिकगडचा घाट उतरण्यापेक्षा गाडीतच अंग टाकतो. त्यासाठी मी हौद्यावर टप बांधला. चौकोनी पाइपचा सांगाडा, वरून टिनपत्रा. आरटीओची परवानगी आधी काढली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे ती लागतेच.

पहिल्याच मिरगात गादी भिजली. पत्रा धड होता, पाणी स्क्रूच्या भोकांतून आलं. स्क्रू मी पन्हाळीत मारले होते, आणि पाणी वाहतं तेच मुळी पन्हाळीतून! स्क्रू उंचवट्यावर मारा, खाली रबरी वायसर घाला आणि रबर जरासं दबेपर्यंतच पिळा.

जोड कसा द्यावा, ते घरच्या कवेलूंनी शिकवलं. वरचं कवेलू खालच्यावर चढतं. धावत्या गाडीला वारा समोरून लागतो, म्हणून पुढचा पत्रा मागच्यावर चढवायचा, चांगला चार बोटं. जोडात भरायचं सिलिकॉन आंबट वासाचं नको, त्यातल्या आम्लानं जस्ताचा पत्रा खराब होतो. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागा. दगडासारखं कडक होणारं काही भरू नका. आठ फुटी पत्रा ४० अंशांनी जास्त तापला की मिलिमीटरभर लांबतो, रात्री आखडतो. आपल्या चंद्रपूरच्या उन्हात हे रोजचंच. कडक भराव मग तडकतो.

सांगाडा केबिनला जोडू नका. खड्ड्यात केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात, वेल्डिंग तुटतं. हौद्याच्या कडेलाच बोल्टनं आवळा, मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी.

आमच्या रस्त्यांवर सिमेंटच्या ट्रकांची धूळही पावसाइतकीच छळते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, म्हणून ती फाळक्याच्या फटीतून आत ओढली जाते. फाळक्याला चारही बाजूंनी रबर लावा.

पौषातल्या एका पहाटे वरून थेंब पडले. पाऊस कुठला! आमच्याच श्वासाची वाफ थंड टिनावर जमली होती. आतून थर्माकोल-प्लाय लावला, हवेसाठीची झडप रात्रभर उघडी ठेवली, थेंब थांबले. आत शेगडी मात्र कधीच पेटवू नका, जीव जातो.

पाणी मारून तपासताना खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा. एकदम टपावर ओतलं तर कुठला जोड गळतो ते कळत नाही. माझी पोरगी आत टॉर्च घेऊन बसली होती. खडूनं तिनं तीन खुणा केल्या. तिन्ही मागच्या कोपऱ्यात.