चूल न पेटवता



चेन्नईच्या दक्षिणेला पेरुंगुडी आहे. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, म्हणजे आताच्या राजीव गांधी सालैवर, संगणक कंपन्यांची रांग आहे आणि त्यांत काम करणारी आपली मराठी मुलंमुलीही तिथल्या पीजीत राहतात. अशा खोल्यांत बहुधा शेगडी चालत नाही. रात्रपाळी संपवून यावं तर मेस बंद. धडधाकट माणूस अशा वेळी मिळेल ते खाऊन झोपतो. पण ज्याला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, त्याने काय खावं?

हे दोन्ही आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे आजार. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली ज्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, तो क्रोन्स पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो. नुसतं 'पोट नाजूक आहे' असं हे प्रकरण नाही. आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त जातं. खाण्याने हा आजार बरा होत नाही, औषधं घ्यावीच लागतात. तरीही ज्याला त्याला सल्ला द्यायचा असतो तो खाण्याचाच. तिखट नको, दूध नको, डाळ नको, फळ नको. ही यादी लांबत जाते आणि माणूस शेवटी चहा-बिस्किटांवर येतो. माझ्या मते पथ्याच्या नावाखाली होणारी ही उपासमार जास्त घातक आहे, कारण या आजारात वजन आणि रक्त आधीच कमी होत असतं. शिवाय पाकिटातलं खाणं निर्धोक, हाही भ्रमच. २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २१ देशांतल्या १,१६,०८७ लोकांची पाहणी आली. भारतही त्यात होता. अतिप्रक्रिया केलेले पदार्थ जास्त खाणाऱ्यांत आतड्यांच्या दाहाचे आजार अधिक आढळले. तेच कारण, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. पण रोज रात्री बिस्किटांचा पुडा फोडणाऱ्याने विचार करावा.

आपल्याकडे चुलीविना होणारं खाणं आजीच्या काळापासून आहे. दहीपोहेच घ्या. पोहे करतानाच भात भिजवून, भाजून, चेचलेला असतो, म्हणून ते नुसते भिजवले तरी पोटाला झेपतात. चेन्नईत दुकानदाराकडे 'अवल' मागा. पांढरेच घ्या, लाल तांदळाच्या पोह्यांत कोंडा असतो. ते प्यायच्या पाण्याने धुवा, म्हणजे खोलीत कॅनचं पाणी असेल तर त्याच पाण्याने, नळाच्या नव्हे. दहा मिनिटं झाकून ठेवा, शीत बोटाने सहज चेपलं गेलं पाहिजे. मग ताजं दही, मीठ, चिमूटभर जिरेपूड. दडप्या पोह्यांची सवय असलेल्यांना कांदा, ओलं खोबरं, मिरची, शेंगदाणे यांची आठवण येईल. आजार उसळलेला असताना ती आठवणच बरी. ज्यांना दूध सोसत नाही, त्यांतल्या पुष्कळांना दही चालतं, कारण विरजणात दुधातली साखर काही प्रमाणात कमी होते. आधी थोडं खाऊन बघावं.

घरून मेतकूट आलं असेल तर चमचाभर दह्यात कालवा. तिखट कमी असलेलं हवं. चुरमुरे ताकात भिजवूनही छान लागतात. साळीच्या लाह्या मात्र नकोत, त्यांना टरफलं चिकटलेली असतात. केळ्यांची तर तमिळनाडूत चैन आहे: पूवन, रस्ताळी, येलक्की. साल पिवळीधमक झालेलं, पूर्ण पिकलेलं केळं घ्या, दुधाऐवजी दह्यात कुस्करा, झालं शिकरण. पिकलेली पपई चालते, पण अख्खी आणून स्वतः कापलेली. गाडीवरची कापलेली फळं नकोत. दाह आवरायला दिलेली काही औषधं प्रतिकारशक्तीही उतरवतात, तेव्हा अशा रुग्णाला रस्त्यावरच्या पाण्याचा धोका जास्त. याच कारणासाठी आपली लाडकी कच्ची मोड आलेली मटकीही बाजूला ठेवा. पौष्टिक म्हणून ती आग्रहाने वाढणाऱ्या काकवा असतातच.

शहाळ्याबद्दलही एक सांगते. त्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. जुलाब होत असतील तर शहाळं हे ओआरएसच्या जागी चालत नाही. पाकिटावर सांगितलं असेल तेवढ्याच पाण्यात ओआरएस करून घ्या.

हे सगळं मऊ खाणं कायमचं नाही. आजार शांत झाला की कोंडा, डाळी, भाज्या हळूहळू परत आणायच्या असतात. मात्र ज्यांचं आतडं जागोजागी अरुंद झालंय, त्यांनी मक्याचे दाणे, सुकामेवा, संत्र्याच्या फोडींवरची पापुद्री डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. पोट फुगून उलट्या होत असतील, ताप किंवा रक्त असेल, तर घरगुती उपाय करत न बसता सरळ रुग्णालय गाठायचं.

कामावर नेताना पोहे कोरडे आणि दही वेगळं न्या. चेन्नईच्या उकाड्यात कालवलेले दहीपोहे दुपारपर्यंत आंबतात. कचेरीत फ्रिज असेल तर दह्याचा डबा तिथे ठेवा, नाव घालून.