पाना आपल्या हाती हवा

(जामखेड येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आज मी हापसा, मोटार, पाइप आणि पाना यांविषयी बोलणार आहे. कुणाला वाटेल, बायकांच्या मेळाव्यात हा विषय कशाला? हुंडा, दारू, मारहाण, सातबाऱ्यावरचं नाव, हे आपले विषय. ते आहेतच. पण हापसा बंद पडला की खेप कुणाची वाढते? बाईची. दुरुस्तीची वाट कोण बघतं? बाई. आणि दुरुस्त कोण करतं? पुरुष. वायसर झिजलं, व्हॉल्व्ह गळाला, मोटार जळाली की निरोप जातो. मिस्तरी आला तर आला, नाही तर आठ दिवस हंडा डोक्यावर.

पाणीयोजनेच्या कामावर बायका नसतात असं नाही. चारी खोदायला, माती ओढायला, घमेली वाहायला त्या असतातच. पण पाइपाला जोड द्यायचा, मोटार उतरवायची, स्टार्टर बसवायचा, म्हणजे ज्या कामाला रोज जास्त ते काम पुरुषाचं. तो मिस्तरी, ती बिगारी. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘जड काम आहे, बाईमाणसाला झेपत नाही.’

हे उत्तर जरा तपासून पाहू. आणि त्यासाठी हापशापासूनच सुरुवात करू, कारण हापशाचा इतिहास आपल्याच मुलखातला आहे. पूर्वी गावोगाव बिडाचे हातपंप बसवत. ते एका कुटुंबापुरते बनवलेले. त्यावर अख्खं गाव पाणी भरायला लागलं की ते मोडायचे. मग जालना आणि सोलापूर इथं मिशनऱ्यांच्या कामातून पोलादाचे दणकट पंप तयार झाले. त्यांच्याच धर्तीवर १९७०च्या दशकात युनिसेफ, सरकारी यंत्रणा आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी मिळून ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा बनवला. आज आपल्या वेशीवर दिसतो तो बहुधा हाच.

हापसा चांगलाच. पण त्यात एक मेख होती. सगळ्यात जास्त झिजतं ते खाली पाण्यातल्या सिलिंडरमधलं वायसर. ते बदलायचं तर सगळा पाइप वर ओढावा लागतो. शंभर फुटांवर सिलिंडर असेल तर नळ्या आणि सळया मिळून शंभर किलोच्या वर लोखंड होतं, शिवाय आतलं पाणी. त्याला तिवई, साखळी, चार-पाच गडी आणि पंचायत समितीची गाडी लागणार. मग १९८०च्या दशकात तमिळनाडूत कोइमतूरकडे चाचण्या घेऊन ‘मार्क थ्री’ तयार झाला. बदल साधा होता. उभा पाइप रुंद केला, त्यामुळे तो जागेवर ठेवून आतला दट्ट्या आणि खालची झडपसुद्धा नुसत्या सळयांनी वर काढता येऊ लागली. शंभर किलोचं काम दोघीतिघींना जमेल असं झालं. हा पंप महाग, म्हणून तो सगळीकडे पोचला नाही. पण त्यानं एक गोष्ट सिद्ध केली. काम जड होतं ते बाईच्या शरीरामुळे नव्हे, यंत्राच्या बांधणीमुळे. यंत्र आखताना ते कोण दुरुस्त करणार हा प्रश्न विचारला, तर यंत्र बदलतं.

आणि जुना, जड हापसा तरी बायकांना कुठे अडवू शकला? उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात १९९०च्या सुमारास महिला समाख्या कार्यक्रमात दलित आणि आदिवासी बायकांनी हापसे दुरुस्त करायचं शिक्षण घेतलं. त्यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाने घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. ज्यांच्या स्पर्शानं पाणी बाटतं म्हणत, त्यांनी उघडलेल्या हापशाचं पाणी सगळा गाव प्यायला.

आपल्या जामखेडला तर हे नवल वाटायलाच नको. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथं आले. पुढच्या दुष्काळात गावांत बोअर घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी दलित वस्तीत जागा बघायचा आग्रह धरला. तहानलेल्या गावाला तिथं यावं लागलं. हापसा कुठे बसवायचा, हासुद्धा जातीचा आणि सत्तेचा प्रश्न असतो, हे आपल्या तालुक्यानं तेव्हाच पाहिलं. त्याच कामातून गावोगावच्या निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या. बाळंतपण करायला, आजार ओळखायला, औषध द्यायला शिकल्या. तेव्हाही लोक म्हणतच होते, हे डॉक्टरांचं काम, हिला काय कळणार? अडलेलं बाळंतपण ओळखणाऱ्या बाईला अडलेला व्हॉल्व्ह ओळखता येणार नाही?

आता आजची स्थिती पाहा. २०१९मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं. गावोगाव चाऱ्या खोदल्या, निळे-काळे पाइप टाकले. काही वाड्यांवर एकाच बोअरवर हापसा आणि सौरपंप अशी दुहेरी योजना आली. ‘पाइप आला, पाणी आलं नाही’ असं म्हणणाऱ्या बायाही इथं असतील. पण यंत्र बसलं की ते बिघडणारच, म्हणजे दुरुस्तीचं काम गावात कायमचं राहणार. त्यासाठी ‘नल जल मित्र’ नावाचं प्रशिक्षण आहे. त्यात नळजोडणी, गवंडीकाम, मोटार आणि विजेचं काम शिकवतात. नावं ग्रामपंचायतीतून जातात. माझा साधा प्रश्न आहे: तुमच्या गावातून कुणाची नावं गेली? पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात असं मिशनच्या नियमात आहे. पाणी तपासायच्या पेटीसाठी गावातल्या पाच बायका निवडायच्या असंही आहे. तपासणीला बाई चालते, सहीला बाई चालते, मग पान्याला का नाही?

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. दिवाळीनंतर निम्मं गाव कोयता घेऊन उसाला जातं. नळ सोडणारा, मोटार बघणारा गडी उचल घेऊन गेला, की पंपघराला कुलूप. बाईही त्याच्या जोडीनं जाते, हे खरं. पण तिला गावातच बारमाही कसबाचं काम आणि त्याचा रोख मोबदला मिळाला, तर पुढच्या हंगामात मुकादमाला ‘नाही’ म्हणायला तिच्याकडे आधार राहील.

मात्र इथं दोन धोके आहेत. पहिला, फुकटच्या सेवेचा. बाईनं केलं की ते काम ‘सेवा’ होतं आणि मिळालं तर मानधन मिळतं. पुरुषानं केलं की मजुरी. म्हणून मोटार काढण्याचा दर, महिन्याच्या देखभालीचा दर ग्रामसभेत ठरवा आणि ठरावात लिहून घ्या.

दुसरा धोका जिवाचा. हे काम शिकताना सुरक्षाही शिकली पाहिजे, आणि ती बाई म्हणून वेगळी नव्हे, कामगार म्हणून. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावल्याशिवाय मोटारीला हात लावायचा नाही. ओल्या पायांनी स्टार्टर उघडायचा नाही. पंपघराला अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच मागायचा. फिरत्या पट्ट्याजवळ पदर, ओढणी, मोकळे केस नकोत. पाच फुटांहून खोल चारी असेल तर कडा उतरत्या छाटायला लावा किंवा फळ्यांचा आधार मागा. तोपर्यंत आत उतरू नका. जुन्या आडात किंवा बंद टाकीत प्राणवायू कमी असतो. एक जण आत कोसळला म्हणून दुसरा धावत उतरतो आणि दोघंही जातात. आधी हवा खेळती करा, कमरेला दोर बांधा, वर माणसं ठेवा. टीसीएल पावडर ॲसिडात मिसळली की विषारी वायू होतो. हातमोजे आणि बूट बायकांच्या मापाचे मागा. पुरुषाचे ढगळ बूट घालून शिडी चढणं हाही अपघातच. आणि कामाच्या जागी संडास हवा.

कायद्याचं बळही आपल्याकडे आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६मध्ये कायदा झाला. तो आता २०२०च्या सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन कल्याणकारी मंडळात नोंद होते. चारी खोदणारी बाईसुद्धा त्यात बसते. ठेकेदार किंवा त्याचा माणूस अंगचटीला आला, तर २०१३च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. लहान ठेकेदाराकडे समिती नसते म्हणून बाईनं गप्प बसायचं कारण नाही.

मैत्रिणींनो, चौंडी आपल्याच तालुक्यातली. तिथं १७२५मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर विहिरी आणि घाट बांधले, म्हणून आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. तेवढ्यानं भागणार नाही. परत गेल्यावर पुढच्या ग्रामसभेत चार गोष्टी करा. प्रशिक्षणासाठी गटातल्या दोघींची नावं लेखी द्या. एकीचं नव्हे, दोघींचं, म्हणजे तिवईपाशी कुणी एकटी पडणार नाही. दुरुस्तीचे दर ठरवून घ्या. कामाच्या आधी हातमोजे, बूट आणि दोर आणायचा खर्च पाणीपट्टीतून मंजूर करा. आणि आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. शिवणकाम शिकायला हरकत नाही, पण दहावी झालेल्या आपल्या पोरींना फिटर, वायरमन, नळकारागीर या कामांचीही माहिती द्या.

हापसा कुठे करकरतो, किती दांडे मारल्यावर पाणी येतं, वास कधी बदलला, हे गावात सगळ्यात आधी बाईला कळतं. निम्मी दुरुस्ती तिला येतेच. उरलेली शिकू या, आणि तिचा पुरता दाम घेऊ या.