डाव्या हातातील तरफ

बंगळूरच्या छावणी भागात शिवाजीनगर नावाची जुनी, गजबजलेली वस्ती आहे. पूर्वी तिला ब्लॅकपल्ली म्हणत. शहाजीराजांना जहागीर म्हणून लाभलेल्या या शहरात त्यांच्या पुत्राचे नाव अशा वस्तीला मिळावे, की जिथे मराठीहून उर्दू आणि तमिळच अधिक कानी पडते, ही इतिहासाची एक गंमतच! तेथील अरुंद गल्ल्यांतून जुन्या मोटारींचे आणि मोटारसायकलींचे सुटे भाग विकले जातात. आणि याच शहरात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली विमानांचा कारखाना काढला. तेव्हा एखाद्या हौशी माणसाने लहानसे जायरोकॉप्टर जुळवण्याचे मनात आणले आणि त्याच्या इंजिनाला लागणारी थ्रॉटलची मूठ व वायर शोधीत तो शिवाजीनगरात आला, तर त्यात नवल नाही. प्रश्न एवढाच, की मोटारसायकलची ती मूठ त्याने घ्यावी काय?

जायरोकॉप्टर हे दिसते हेलिकॉप्टरसारखे. पण त्याची जात निराळी. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हाने १९२३ च्या जानेवारीत हे यंत्र प्रथम यशस्वीपणे उडवून दाखविले. डोक्यावरचे पाते उड्डाणात इंजिनाने फिरत नाही. खालून वर जाणाऱ्या हवेच्या झोताने ते आपोआप फिरत राहते. इंजिन फक्त पंख्याच्या द्वारे यंत्राला पुढे ढकलते. म्हणूनच इंजिन बंद पडले तरी ते दगडासारखे कोसळत नाही, तिरके उतरत येते. १९६७ च्या जेम्स बाँड चित्रपटातले ते चिमुकले पिवळे यंत्र अनेकांना आठवत असेल; ते याच जातीचे.

मात्र या निर्धास्तपणाला एक अपवाद आहे, आणि थ्रॉटलचा सारा विचार तेथूनच सुरू व्हावयास हवा. पंख्याच्या रेट्याची रेषा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वरून जात असेल, तर तो रेटा सतत नाक खाली दाबू पाहतो. पात्यावर भार आहे तोवर तोल राहतो. पण चालकाने घाबरून दांडा पुढे लोटला आणि पात्यावरचा भार क्षणभर हलका झाला, की यंत्र पुढे कोलमडते. पात्याचा वेग मंदावतो आणि मग सावरण्याचा उपाय उरत नाही. यंत्र वरखाली डुलू लागले, की दांड्याशी झटापट न करता प्रथम थ्रॉटल कमी करावयाचा असतो. मनुष्याचा हात संकटात आवळतो. येथे त्याने शांतपणे मागे यावयाचे आहे.

दांड्यावर मोटारसायकलची मूठ बसवली, तर एकाच हाताला दोन कामे होतात. झोत लागला की मूठ घट्ट धरली जाते आणि नकळत पिळलीही जाते. शिवाय दांडा हलेल तशी वायर दर वेळी वाकते. पायाखालचे पेडल सुचते खरे. पण पाय सुकाणूत गुंतलेले असतात. राहिली डाव्या हाताची साधी तरफ: पुढे लोटली की इंजिनाचा जोर वाढतो, मागे ओढली की कमी होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही फ्रेंच व इटालियन विमानांत हीच दिशा नेमकी उलटी होती! तरफेला घर्षणाचा स्क्रू असावा, म्हणजे हात काढला तरी ती जागेवर राहते. आणि कोपराला टेकू असावा, नाहीतर धक्क्यासरशी शरीराबरोबर तरफही पुढे जाते.

आता वायर तुटली तर? रोटॅक्सच्या ५८२ या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या कार्बोरेटरातील स्प्रिंग झडप मिटवते. इंजिन मंदावते आणि यंत्र जेथे असेल तेथून उतरू लागते. खाली मैदान असेल तर ठीक. दाट वस्ती असेल तर कठीण. त्याच कंपनीच्या ९१२ या चार-स्ट्रोक इंजिनात नेमके उलट घडते. स्प्रिंग झडप पूर्ण उघडते. उंचावर असताना ही सोय आहे, कारण जागा निवडायला अवधी मिळतो. पण जमिनीवर चालताना तीच गोष्ट घातक. तेव्हा इग्निशनचा खटका बोटाशी हवा. कार्बोरेटर दोन असून एकाचीच वायर तुटली, तर इंजिन विलक्षण थरथरू लागते, हेही ध्यानात असावे.

बाजारातल्या वायरीचे एक दुखणे आहे. जायरोकॉप्टरचे इंजिन बहुधा चालकाच्या पाठीमागे असते, म्हणून मोटारसायकलची वायर तोकडी पडते. मग ती जोडून घेण्याचा मोह होतो. टोकाला ओतलेला मणी हीच तिची कमकुवत जागा. तेथेच एकेक तार आधी तुटते. इंजिन रबरी आधारांवर डुलते, म्हणून बाहेरचे वेष्टन दोन्ही टोकांना पक्के न बांधल्यास तरफ न हलवताही थ्रॉटल बदलत राहतो. असली वायर अखंड, नवी आणि मोठ्या वळणाने नेलेलीच हवी. शिवाजीनगरातून खिळे, पट्ट्या, फार तर ती तरफ आणावी.

उड्डाणाची रीतसर परवानगी वगैरे पुढच्या गोष्टी. त्याआधी इंजिन बंद ठेवून एकाने आसनावर बसावे, दुसऱ्याने मागे कार्बोरेटरशी उभे राहावे. पहिल्याने दांडा चारी कोपऱ्यांत फिरवावा आणि दुसऱ्याने झडप हलते काय ते पाहावे. मग वायर मुद्दाम सोडून, स्प्रिंग झडपेला कोणत्या बाजूस नेते, तेही दोघांनी आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.