राळेतील गोचीड

निर्मलच्या परिसरात लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या प्राचीन तळ्यांच्या गाळात गोड्या पाण्यातील शंखांचे जीवाश्म सापडतात. १८३० च्या दशकात माल्कमसन यांनी त्यांचे वर्णन केले. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. कठीण शंख दगडात टिकतो. गोचिडीसारखा इवला जीव क्वचितच टिकतो. त्याला जपले ते वृक्षांच्या राळेने.

ब्रह्मदेशातील सुमारे ९ कोटी ९० लक्ष वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे अश्मीभूत राळेत, डायनोसॉरच्या पिसाला बिलगलेली एक गोचीड आढळली. हा शोध २०१७ साली प्रसिद्ध झाला. कॉर्न्युपाल्पॅटम बर्मानिकम ही तिची जात आज नामशेष आहे. निर्मलचे थर साचले त्या सुमारास डायनोसॉरही लोपले. गोचिडीचा वंश मात्र गुराढोरांच्या रक्तावर आजही जगत आहे.

या चिवटपणाचे मर्म तिच्या जीवनक्रमात आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जनावरावरून गळून पडते आणि गोठ्याच्या भेगांत वा गवतात हजारो अंडी घालते. म्हणून अंगावरच्या गोचिडी वेचून भागत नाही. भेगा लिंपणे, गोठा स्वच्छ राखणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध वापरणे, ही तिन्ही कामे पशुपालकांनी एकाच वेळी केली पाहिजेत.